२१ दिवसांत सवय लागत नाही, मग करायचं काय?

औसा_अपडाऊन विचारतो:
बीएस्सी दुसरं वर्ष. औशाकडच्या गावाहून लातूरला रोज अप-डाऊन, सकाळी ७ची एसटी, परत यायला ३ वाजतात. पहाटे ५ला उठणं, आरशासमोर 'मी यशस्वी आहे' दहादा म्हणणं, रोज दोन पानं डायरी, सलग ४ तास अभ्यास, हे सगळं एकदम सुरू केलं. २१ दिवस रेटलं की सवय लागते म्हणतात. नवव्या दिवशी गाडं बसलं. यातलं ठेवायचं काय, सोडायचं काय? 'मनावर घे' एवढंच उत्तर कृपया नको.

गोदाकाठ:
आधी ते २१ दिवस निकालात काढू. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस जातात, असं त्यांनी १९६० साली लिहिलं. पुढं त्यातलं 'किमान' गळालं आणि नाकाचा हिशोब अभ्यासाला लागला! लंडनमध्ये फिलिपा लॅली यांच्या गटानं ९६ जणांच्या सवयी १२ आठवडे तपासल्या. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यबिंदू निघाला ६६. कुणाचा हिशोब १८ दिवसांचा, तर कुणाचा २५४ (हा १२ आठवड्यांच्या नोंदींवरून पुढं काढलेला अंदाज). मधे एखादा दिवस हुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा नववा दिवस म्हणजे हार नाही, तिथं तर सुरुवातच होती.

आता काम. चारपैकी एकच सवय धरा आणि ती 'जर-तर'च्या वाक्यात लिहा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचं संशोधन याच विषयावर आहे. 'रोज अभ्यास करीन' हा नुसता इरादा झाला. 'एसटीत बसलो आणि तिकीट-पास झाला, की बॅगेच्या वरच्या कप्प्यातली प्रश्नोत्तरांची कार्डं काढीन' ही झाली योजना. कधी करायचं हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून त्या क्षणी मनाशी हुज्जत घालावी लागत नाही.

बिघडतं ते इथं:
- खूण, म्हणजे जे झालं की सवय सुरू करायची ते, घड्याळाची ठेवली की मोडते. '७.१० वाजता' लिहिलं आणि गाडी ७.३०ला आली, तर तो दिवस गेलाच. खूण घडणाऱ्या गोष्टीची हवी.
- 'वेळ मिळाला की' ही खूणच नव्हे.
- जागा न मिळाल्यास काय, हे लिहिलेलं नसतं. दुसरं वाक्य लागतंच: 'उभं राहावं लागलं, तर दांड्याला धरून कालच्या तासाचे मुद्दे मनात मोजीन.'

आणि माप लहान ठेवा. पहिले दोन आठवडे फक्त ३ कार्डं. चौथं काढायचा मोह झाला तर काढा, पण ते हिशोबात धरू नका.

अभ्यासिका_रात्रपाळी:
कार्डांचं मी सांगतो, कारण निम्मी पोरं ती चुकीची करतात.

वहीच्या एका पानाचे चार तुकडे. पुढं प्रश्न, मागं उत्तर, उत्तर दोन ओळींच्या आत. रसायनशास्त्राचं उदाहरण घ्या. 'एसएन-१ अभिक्रिया स्पष्ट करा' असं कार्ड करू नका, तो पाच मार्कांचा प्रश्न आहे. 'एसएन-१चा वेग कशाच्या संहतीवर ठरतो?' हे कार्ड. मागं: फक्त सबस्ट्रेटच्या, न्यूक्लिओफाइलच्या नाही. एका टॉपिकची १०-१२ पुरे.

तीन गठ्ठे, तीन रबर: रोजचा, तीन दिवसांनी, आठ दिवसांनी. बरोबर आलं की कार्ड पुढच्या गठ्ठ्यात, चुकलं की थेट रोजच्यात. उत्तर मनात पूर्ण म्हटल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही. घाई होते ती इथंच. मागची बाजू बघून 'हां, येत होतं की' असं वाटतं, ते येत नसतं.

परत परत वाचण्यापेक्षा हे का बरं? रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानंतर मात्र एकदा वाचून मग न बघता आठवणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवला, दोनदा वाचणाऱ्यांना ४२. पेपर पाच मिनिटांनी नसतो.

सलग ४ तास विसरा. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं उठून पाणी, असे तीन फेरे जमले तरी भरपूर. त्या पाच मिनिटांत मोबाईल घेतला की फेरा संपला म्हणून समजा.

विवेकी_नांदेडकर:
आरशाचा प्रयोग मात्र आजच बंद करा. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं असतं, त्यांना अशी वाक्यं म्हणून उलट जास्त वाईट वाटतं. तोंड 'यशस्वी' म्हणतं आणि आतून बॅक राहिलेला पेपर आठवतो.

त्यापेक्षा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत बघा, म्हणजे आपले हट्टी विचार तपासून बदलायची. कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत नेली. कागदावर तीन रकाने आखा: घटना, विचार, परिणाम. उदाहरणार्थ:
घटना: इंटर्नलला २०पैकी ७.
परिणाम: दोन दिवस पुस्तक उघडलं नाही.
मधला रकाना शेवटी भरा, तोच अवघड: 'मला चांगले मार्क पडायलाच पाहिजेत, नाहीतर मी बिनकामाचा.'

आता त्या वाक्यातला 'च' शोधा. मराठीची ही सोय मोठी आहे, हट्ट एका अक्षरात सापडतो. 'च' काढून वाक्य पुन्हा लिहा: 'चांगले मार्क मिळाले तर बरं. ७ पडले हे वाईट झालं, पण यावरून मी बिनकामाचा ठरत नाही.' लोक चुकतात ते इथं: एकदम 'मार्कांचं काही नाही' असं लिहितात. ते खोटं असतं आणि मन ते ऐकत नाही. आठवड्यातून दोनदा, १० मिनिटं. रोज दोन पानं डायरी नको, त्यात तेच गाऱ्हाणं घोळवलं जातं.

एक गंभीर गोष्ट. दोन आठवडे रोज उदास वाटतंय, झोप-भूक उडाली आहे किंवा जगणं नको वाटतंय, तर हे रकाने पुरणार नाहीत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

पहाट_नको:
५ला उठण्याचं कुणी बोललं नाही. तुमच्या वयाला ७ ते ९ तास झोप लागते. ११.३०ला झोपून ५ला उठलात तर साडेपाचच भरतात, मग एसटीत कार्डं हातात आणि डोकं खिडकीवर. आधी झोपायची वेळ १५-१५ मिनिटांनी अलीकडं आणा, उठण्याचं नंतर बघा.

औसा_अपडाऊन:
एसटी आणि कार्डं धरतो. पण दिवाळीच्या आसपास सोयाबीनची रास असते, तेव्हा आठ-दहा दिवस कॉलेजच नसतं. मग खूणच गायब.

गोदाकाठ:
बरोबर पकडलंत, सवयी मोडतात त्या अशाच, जागा बदलली की. त्या दिवसांसाठी तिसरं वाक्य आत्ताच लिहून ठेवा: 'दुपारची भाकर खाऊन हात धुतले, की एक कार्ड.' एकच. गठ्ठा शेतात नेऊ नका, भुश्यात हरवतो. रोजच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड शर्टाच्या खिशात. कॉलेज सुरू झालं की पहिल्या दिवशी पुन्हा एसटीचं वाक्य, तेही ३ कार्डांपासून. राहिलेली कार्डं त्याच दिवशी भरून काढायला गेलात तर परत नववा दिवस.