गोवा १९६७: मगोप सत्तेत असताना विलीनीकरण हरलं कसं?

वाचनखूण
१९६३ ची विधानसभा मगोपने (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने) लढवलीच मुळी महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या मुद्द्यावर, आणि जिंकली. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. मग १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात त्याच मतदाराने विलीनीकरण नाकारलं, आणि दोनच महिन्यांनी पुन्हा मगोपलाच निवडून दिलं. आपल्याकडच्या लिखाणात याचं उत्तर बहुतेक वेळा ‘ख्रिस्ती मतं’ एवढ्यावर आटोपतं. मला ते अपुरं वाटतं. विरोधकांनी प्रचार नेमका कसा बांधला होता, ते जाणकारांनी सांगावं.

मांडवीपार
प्रचाराआधीची लढाई बघा, खरा डाव तिथेच फिरला. गोव्याच्या २८ जागांपैकी मगोपकडे १४, सोबत प्रजासमाजवादींच्या २. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाकडे १२. म्हणजे निर्णय विधानसभेतच व्हायचा असता तर १६ विरुद्ध १२, विषय संपला. १९६५ मध्ये विलीनीकरणाचे ठराव गोवा आणि महाराष्ट्र दोन्ही विधानसभांत मंजूरही झाले होते. म्हणून युनायटेड गोवन्सचे नेते डॉ. जॅक सिक्वेरा आणि काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीत एकच धोशा लावला: हा प्रश्न आमदारांना नको, थेट लोकांना विचारा. संसदेने १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला तो त्यातून.

दुसरी मागणी होती सरकारच्या राजीनाम्याची. पोलीस आणि प्रशासन विलीनीकरणवाद्यांच्या हातात असताना निकोप मतदान होणार नाही, हा त्यामागचा मुद्दा. डिसेंबर १९६६ च्या सुरुवातीला मंत्रिमंडळ पायउतार झालं आणि राष्ट्रपती राजवट आली.

मतपत्रिकेवर दोनच चिन्हं. विलीनीकरणाला फूल, संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) म्हणून वेगळं राहण्याला दोन पानं. युनायटेड गोवन्सचं पक्षचिन्ह तिथे नव्हतं, मगोपचा सिंहही नव्हता. माझ्या मते हे फार निर्णायक ठरलं. सिंहाला कधीही न सोडणारा मतदार पक्षाशी दगा केल्याची बोच न घेता पानांवर शिक्का मारू शकत होता.

आकडेमोड
‘ख्रिस्ती मतां’बद्दल. गोव्याचा निकाल असा:

एकूण मतदान ३,१७,६३३
संघप्रदेश १,७२,१९१
विलीनीकरण १,३८,१७०
बाद ७,२७२

फरक ३४,०२१ चा. म्हणजे १७,०११ माणसं पलीकडे गेली असती तर निकाल उलटा. काही ठिकाणी ५४.२ टक्के वाचायला मिळतं, काही ठिकाणी ५५.५. दोन्ही बरोबर आहेत. पहिलं एकूण मतदानावर काढलेलं, दुसरं फक्त वैध मतांवर. वाद घालताना दोन्ही मिसळू नका.

त्या वेळी ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांहून कमी होती. सगळ्या ख्रिस्ती मतदारांनी पानांवरच शिक्का मारला असं धरलं तरी ५४ टक्के गाठायला हजारो हिंदू मतं लागतातच. ख्रिस्तीबहुल सासष्टी तालुक्याने पानांना मोठी आघाडी दिली हे खरं, आणि पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा फुलाकडे झुकले हेही खरं. पण त्या तालुक्यांतही पानांना मतं पडली, आणि त्यात तिथल्या हिंदूंचीही होती.

दमण-दीवची मतं यात धरू नयेत. तिथे प्रश्न गुजरातमध्ये जायचं की नाही, हा होता.

वाचनखूण
आकड्यांबद्दल आभार. पण युनायटेड गोवन्सवर तर भाटकारांचा (जमीनदारांचा) पक्ष असा शिक्का होता. कुळांनी आणि मुंडकारांनी (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांनी) त्यांचं का ऐकावं?

मांडवीपार
त्यांचं ऐकलंच नाही, म्हणून तर जमलं. सिक्वेरांची सभा सासष्टीत गर्दी खेचायची, पण हिंदू बहुजन वस्तीत तिचा उपयोग मर्यादित होता. तिथे काम केलं ‘राष्ट्रमत’ने. हे विलीनीकरणविरोधी दैनिक मराठीत निघायचं, आणि ही गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाने नीट लक्षात घ्यावी. ज्या हिंदू घरांची वाचायची भाषा मराठी होती, तिथे ‘गोमन्तक’ हे दैनिक विलीनीकरणाची बाजू लावून धरत होतं. त्याला त्याच भाषेत उत्तर गेलं. उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातलंच. जिथे वाचणारे कमी तिथे मनोहरराय सरदेसाईंच्या कोंकणी कविता आणि उल्हास बुयांव यांचं गाणं पोचलं.

मुद्देही भाटकारांच्या सोयीचे नव्हते. प्रतिनियुक्तीवर आलेले बाहेरचे अधिकारी आत्ताच इतके दिसतात, विलीन झाल्यावर नोकऱ्या कुणाला? मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात लागू होता. तो इथे आला तर माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराचं आणि फेणीच्या भट्टीवर जगणाऱ्यांचं काय? आणि सगळ्यात जोरकस मुद्दा खुद्द भाऊंचा. कूळ कायदा १९६४ मध्ये पणजीत झाला, कारण बहुजनांचं सरकार पणजीत होतं. विलीन झाल्यावर गोवा एक जिल्हा उरणार, २७० जणांच्या विधानसभेत त्याचे मूठभर आमदार, आणि भाऊ मुख्यमंत्री राहणार नाहीत. भाऊ हवे असतील तर गोवा वेगळा ठेवावा लागेल, हा हिशेब मगोपच्या मतदारालाही पटण्यासारखा होता.

आकडेमोड
मार्च १९६७ चा निकाल याच हिशेबात बसतो: मगोप १६, युनायटेड गोवन्स १२. विलीनीकरणाच्या मागणीत दम उरला नव्हता, भाऊसाहेबांवरचा विश्वास मात्र टिकून होता. म्हणून कौलाचे आकडे अभ्यासताना फक्त १९६३ शी तुलना करू नका. १९६३, जानेवारी १९६७ आणि मार्च १९६७ हे तिन्ही निकाल मतदारसंघवार शेजारी मांडा. जिथे पानं पुढे आणि लगेच सिंहही पुढे, अशा जागा आधी शोधा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या जागांमध्ये आहे.