प्रवाळ नव्हते तेव्हा भित्ती कोणी बांधल्या?

मेघना, पंचवटी
मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. कॅम्ब्रियन काळाबद्दल (सुमारे ५४ ते ४८.५ कोटी वर्षांपूर्वीचा काळ) बोलताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, प्राण्यांना कवचाची गरजच का पडली?" नामिबियातल्या क्लाउडिना या प्राचीन समुद्री प्राण्याच्या भित्तीबद्दल (म्हणजे समुद्रतळावर प्राण्यांनी जागच्या जागी रचलेल्या चुन्याच्या उंचवट्याबद्दल) वाचलंय, पण त्याची या प्रश्नाशी सांगड घालता येत नाहीये. कोणी समजावेल का?

दत्ताकाका, गंगापूर रोड
मेघनाताई, मुलीने मुळावरच बोट ठेवलंय. मी आयुष्यभर भूशास्त्र शिकवलं, तरी हा विषय निघाला की अजून झोप उडते.

क्लाउडिनाचं कवच म्हणजे काही मिलिमीटर जाडीची चुन्याची नळी, एकात एक पेले बसवावेत तशी वाढत गेलेली. चीनमध्ये मिळालेल्या काही नळ्यांना बारीक गोल भोकं आहेत. बाहेरून कोणीतरी पोखरलंय! म्हणजे खाणारा आला होता, आणि कवच ही त्यावरची तजवीज असू शकते. २०१४ साली अमेलिया पेनी, रेचेल वुड आणि सहकारी संशोधकांनी नामिबियातल्या जीवाश्मांवरून मांडलं की सुमारे ५४.८ कोटी वर्षांपूर्वी या नळ्या एकमेकींना चिकटून भित्ती उभारत होत्या. असं राहिलं की शत्रूपासून बचाव होतो आणि वाहत्या पाण्यातलं अन्नही पदरात पडतं.

सिन्नरकर
काका, पण २०१८ मध्ये मेहरा आणि मलूफ या संशोधकांनी नामिबियातला क्लाउडिनाचा दगड थराथराने घासून, प्रत्येक थराचा फोटो काढून नळ्यांची त्रिमितीय रचना तपासली. नळ्या वाहून येऊन साचल्यात, असा त्यांचा निष्कर्ष. मग भित्ती कुठली?

दत्ताकाका
बरोबर, आणि हा वाद मुलांना सांगायलाच हवा.

म्हणून माझा भर आर्किओसायाथांवर. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीचे हे स्पंज. सायबेरियात लेना आणि अल्दान नद्यांकाठच्या चुनखडकात भरपूर सापडतात. पेल्याचा आकार, दुहेरी भिंत, दोन्ही भिंती छिद्रांनी भरलेल्या. सूक्ष्मजीवांनी साचवलेल्या चुन्याच्या जोडीने त्यांनी भित्ती रचल्या, यात वाद नाही. त्या भित्तींच्या पोटात अंधाऱ्या कपारी होत्या आणि तिथे राहणारे जीव वरच्या उजेडातल्या जीवांपेक्षा वेगळे! मऊ गाळाच्या सपाट तळावर असा आडोसा कुठून मिळणार? चिकटायला कठीण जागा मिळाली, तशी जागेसाठी चढाओढही आली. प्राणी त्याआधीच जन्मले होते. त्यांच्यात इतकी विविधता यायला या दाटीवाटीने हातभार लावला, असं माझं ठाम मत आहे. आर्किओसायाथ मात्र थोड्याच काळात जवळजवळ संपले.

मेघना, पंचवटी
खूप आभार, काका. वर्गात हातात देता येईल असं काही आहे का?

दत्ताकाका
नाशिकच्या काळ्या दगडात असे जीवाश्म शोधू नका. तो लाव्हाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. शहाबादी फरशीचा तुटका तुकडा न्या. कर्नाटकातल्या भीमा खोऱ्यातला तो चुनखडक कॅम्ब्रियनच्या आधीच्या समुद्रात साचलेला आहे. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, फसफसेल. कॅल्शियम कार्बोनेट! क्लाउडिनाची नळी आणि आर्किओसायाथाचा सांगाडा याचेच. थेंब मात्र तुम्हीच टाका, मुलांना लांबून बघू द्या.