मदत हवी आहे: अण्णांचा ट्रक अचानक दम तोडायला लागलाय, कॉम्प्युटर तोच, गेम तोच

सावदेकर

नमस्कार मंडळी. प्रश्न आमच्या अण्णांचा आहे, टाइप मी करतोय.

अण्णांनी उभं आयुष्य केळीच्या गाडीवर काढलं. सावदा-रावेरकडचा माल भरायचा आणि दिल्ली गाठायची. गुडघे गेले, गाडी विकली आणि घरात चिडचिड सुरू झाली. मग मी त्यांना यूरो ट्रक सिम्युलेटर २ लावून दिला आणि एक जुनं स्टिअरिंग-पेडल घेतलं. तेव्हापासून रोज जेवण झालं की दोन तास अण्णा जर्मनीत. घरात शांतता.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आठ दिवस आत्याकडे चोपड्याला होतो. परत आलो, अण्णा गाडीवर बसले आणि पाचच मिनिटांत हाक आली, "अरे, हिचं पिकअप मरून गेलं, मिसिंग मारून ऱ्हायली." मला वाटलं स्टिअरिंग बिघडलं. बघतो तर चित्रच अडखळतंय. स्टीमचा (गेम जिथून घेतला ते ॲप) एफपीएस काउंटर लावला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) येतात ते मोजणारा. आधी मोकळ्या रस्त्यावर ६० ला चिकटून असायचा, आता ३८-४०. शहरात शिरलं की २८, आणि वळणावर अर्धा सेकंद सगळं थिजतं. अण्णांच्या मते डिझेल लाइनमध्ये एअर धरली आहे.

मशीन: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, ५०० जीबी एसएसडी, विंडोज १०. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ. २०२१ च्या दिवाळीत जळगावहून जोडून आणला, तेव्हापासून कधी उघडलेला नाही.

गेमच्या फाइल स्टीमवरून तपासल्या, ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकला, सेटिंग मीडियमवरून लो केली. फरक चार-पाच फ्रेमचा.

आणखी बारीकसारीक: सकाळी पहिल्यांदा चालू करताना काळा स्क्रीन येतो आणि एफ१ दाबा म्हणतो. अण्णा दाबतात, पुढे जातं. तारीख जुनीच दाखवते, नेट लागलं की थोड्या वेळाने आपोआप सुधारते. याचा गेमशी संबंध नसावा, पण इथे नेहमी सगळं सांगा म्हणतात म्हणून सांगितलं.

मिसळ_मदरबोर्ड

सावदा, मे महिना, आणि कॉम्प्युटर साडेतीन-चार वर्षांत उघडला नाही. उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे भाऊ. भुसावळ-रावेर पट्ट्यात या दिवसांत माणूस थ्रॉटल होतो (तापून मंदावतो), प्रोसेसरचं काय घेऊन बसलात. धूळ काढा, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) बदला, धागा बंद.

फक्त_वाचक

प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर गेम खेळायचे नसतात. एक कार्ड घ्या.

सावदेकर

@फक्त_वाचक, परवापर्यंत याच ग्राफिक्सवर ६० फ्रेम येत होते. प्रश्न तो आहे.

@मिसळ_मदरबोर्ड, आज कॅबिनेट उघडलं. धूळ होतीच, पंख्याच्या पात्यांवर गोधडीसारखी. ब्लोअरने उडवली. पेस्ट घरात नाही, ती राहिली. एफपीएस होते तिथेच. आमचा कूलर आता थेट कॅबिनेटच्या तोंडावर लावला आहे, तरी काही नाही.

तापीतीर

कूलर आधी बाजूला करा. ओली हवा आत गेली की धुळीचा चिखल होतो आणि तो हीटसिंकच्या पात्यांत बसतो. खोली गार करा, कॅबिनेट नाही. आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरत जा, तो भन्नाट फिरला की बेअरिंगची वाट लागते.

आता उष्णतेचं. अंदाजाने पेस्ट बदलायला जाऊ नका, मोजा. एचडब्ल्यूइन्फो फुकट मिळतं. अण्णांना गाडी चालवू द्या आणि वीस मिनिटांनी दोन आकडे लिहा: प्रोसेसरचं तापमान आणि त्याच वेळचा क्लॉक (प्रोसेसरचा वेग). ५६००जी ची मर्यादा ९५ अंश आहे. तिथपर्यंत जाऊन क्लॉक खाली येत असेल तर मिसळवाले बरोबर. नसेल तर उन्हाला उगाच शिव्या.

सोबत टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी उघडा, उजवीकडे खाली स्पीड लिहिलेला असतो तो सांगा. त्याच्याच खाली जीपीयूवर क्लिक करून डेडिकेटेड मेमरी किती तेही.

सावदेकर

खोलीत ४१ अंश. अण्णांनी ड्रेस्डेनपर्यंत माल नेला.

प्रोसेसर ७६, फार तर ७८. क्लॉक ४.२-४.३ च्या आसपास स्थिर.
मेमरी स्पीड: २१३३.
डेडिकेटेड जीपीयू मेमरी: ०.५ जीबी.

एक गंमत. सिस्टिममध्ये आता १६ पैकी १५.४ जीबी वापरण्याजोगी दिसते. मला पक्कं आठवतंय, पूर्वी १३.९ दिसायची आणि मी दुकानदाराशी त्यावरून भांडलोही होतो. म्हणजे रॅम वाढली आणि गेम हळू झाला?

तापीतीर

ही गंमत नाही, हाच तुमचा रोग आहे.

५६००जी च्या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती तुमच्या रॅममधून उधार घेते. तुम्हाला मशीन जोडून देणाऱ्याने बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या मेनूत) दोन गोष्टी करून दिल्या असणार. एक, एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने पळवणारी सेटिंग) चालू करून रॅम ३२०० वर पळवली. दोन, ग्राफिक्ससाठी २ जीबी राखून ठेवली. म्हणून १३.९ दिसायची. दुकानदार बिचारा बरोबर होता.

आता दोन्ही सेटिंग उडून कंपनीच्या मूळ अवस्थेला गेल्या आहेत. २१३३ वर दोन रॅम मिळून सेकंदाला साधारण ३४ जीबी वाहून नेतात, ३२०० वर ५१. वेगळं कार्ड असतं तर एवढं जाणवलं नसतं, कारण कार्डावर स्वतःची मेमरी असते. इथे मात्र एक तृतीयांश रस्ता बंद झाल्यासारखं आहे. वळणावर थिजतं ते बहुधा राखीव जागा अर्ध्या जीबीवर आल्याने.

उपाय: चालू करताना डिलीट दाबत राहा, बायोस उघडेल. एक्सएमपी शोधा. काही बोर्डांवर त्याला ए-एक्सएमपी म्हणतात, असूसवर डीओसीपी. पहिली प्रोफाइल निवडा. मग यूएमए फ्रेम बफर साइज नावाचा पर्याय शोधा (ग्राफिक्सची राखीव जागा इथे ठरते), तो ऑटोवरून २ जीबी करा. हा पर्याय प्रत्येक कंपनीने वेगळ्या कोपऱ्यात लपवलेला असतो, ग्राफिक्स किंवा चिपसेटच्या पानांत सापडेल. एफ१० दाबून सेव्ह.

सावदेकर

सापडलं! यूएमए शोधायला पाऊण तास गेला. मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढत गेलो, चुकून काही बदललं तर परत यायला.

टास्क मॅनेजरमध्ये ३२००, डेडिकेटेड २ जीबी. पण सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर १६०० दाखवतंय, हे काय?

तापीतीर

ते बरोबर आहे. डीडीआर म्हणजे एका ठोक्यात दोनदा माल जातो, सीपीयू-झेड ठोके मोजतं. १६०० दुणे ३२००.

सावदेकर

एफपीएस ६०! शहरात ५२-५५. अण्णांना तुमचं स्पष्टीकरण सांगितलं. म्हणाले, "म्हंजी इंजिन चांगलं होतं, डिझेलचा पाइप चोंदला होता. मी पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, थोडंफार बरोबरच आहे ते.

धन्यवाद. धागा बंद समजा.

सावदेकर

धागा उघडा. आज रात्री पुन्हा ३८. टास्क मॅनेजरमध्ये पुन्हा २१३३, पुन्हा अर्धा जीबी. काल सेव्ह केलेलं सगळं गायब. मी एफ१० नीट दाबलं होतं, फोटो आहे.

मिसळ_मदरबोर्ड

रॅम ३२०० पेलत नसेल. बोर्ड स्वतःच खाली आणतो. २९३३ करून बघा.

तापीतीर

रॅम पेलली नसती तर फक्त स्पीड पडला असता असं मला वाटतं, यूएमएही का उडावं? काल चार तास चाललं ना व्यवस्थित? मी जरा विचार करतो.

धुळ्याचा_भाऊ

भो, तुन्हा सेल गया शे.

आता सगळ्यांसाठी. पहिली पोस्ट परत वाचा. रोज सकाळी एफ१, रोज सकाळी जुनी तारीख. त्यांनी दोन्ही सांगितलं होतं आणि आपण सगळे ऊन, धूळ आणि फ्रेम बफर खेळत बसलो. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर२०३२. बायोसच्या सेटिंग आणि घड्याळ तो सांभाळतो. तो मेला की मशीन रोज नव्याने जन्माला येतं.

आता एकच विचारतो. कॉम्प्युटर बंद केल्यावर भिंतीवरचं बटणही बंद करता का?

सावदेकर

मी नाही करत. अण्णा करतात. रोज, न चुकता. गाडी उभी केली की बॅटरीचा मेन स्विच काढायचा, ही सवय. आखाजीच्या आधी तर वळवाची वीज कडाडली म्हणून प्लगच उपटून ठेवला होता, तो आठ दिवस तसाच.

धुळ्याचा_भाऊ

मग झालं. नुसता शटडाउन केला आणि प्लग चालू असला तर एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) बोर्डाला ५ व्होल्टचा बारीक पुरवठा मिळत राहतो, सेलवर भार येत नाही. अशा घरात मेलेला सेलही वर्षभर लक्षात येत नाही. तुमच्याकडे रोज रात्री सगळा भार सेलवर. शिवाय आपल्याकडचं ऊन, सेलचं आयुष्य त्यानेही घटतं. त्या आठ दिवसांत उरलासुरला जीव गेला.

अण्णांना बोलू नका. विजांच्या दिवसांत प्लग काढणारा माणूस शहाणा. आमच्या गल्लीत मागच्या पावसाळ्यात दोन टीव्ही आणि एक राउटर एका कडकडाटात गेले.

सेल बदलताना प्लग काढा, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आतली उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. सेलच्या कडेला बारीक पत्री असते, ती नखाने सरकवली की सेल उडी मारून वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. मल्टिमीटर असेल तर जुना मोजून बघा, नव्याला ३ च्या थोडं वर दाखवतो.

सावदेकर

अहवाल.

सावद्यात पहिल्या दुकानात सेल मागितला तर त्याने २०२५ दिला, "तेच आहे, चालतं." घरी आणून बसवला तर सैल. नाव नीट वाचलं तेव्हा कळलं: २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड, २०२५ म्हणजे २.५ जाड. व्होल्ट तेवढेच पण पत्रीला टेकत नाही. भुसावळला जाऊन घड्याळवाल्याकडून चाळीस रुपयांत बरोबर आणला. जाण्यायेण्याचं पेट्रोल वेगळं.

शेजारच्या वायरमनकाकांच्या मीटरवर जुना सेल १.९ व्होल्ट. नवा ३.२.

सेल बसवल्यावर तारीख-वेळ, एक्सएमपी आणि यूएमए परत एकदा करावं लागलं. या वेळी फोटो असल्याने पाच मिनिटांत. मग मुद्दाम प्लग काढून दोन रात्री आणि एक दिवस तसंच ठेवलं. अण्णा दोन रात्री घरात फेऱ्या मारत होते. आज सकाळी लावलं: एफ१ नाही, तारीख आजची, ३२००.

तापीतीर

वा. तारखेवरून माझ्या लक्षात यायला हवं होतं, मान्य. धुळेकरांना शेवभाजी लागू.

मिसळ_मदरबोर्ड

पेस्ट तरी बदला हो. ७८ काही कमी नाही.

सावदेकर

@मिसळ_मदरबोर्ड, पावसाळ्याआधी बदलतो, शब्द.

भिंतीवरचं बटण अण्णा बंद करतातच, आजही केलं. मी त्यांना जुना सेल हातात दिला आणि सांगितलं की रात्रभर सगळी गाडी याच्यावर उभी असते. त्यांनी उलटासुलटा करून पाहिला, म्हणाले, "एवढीशी बॅटरी? मंग क्लीनरसारखी झाली की ही. ड्रायव्हर झोपला तं जागी तीच." आणि खिशात टाकला. कशाला ते विचारलं नाही.

आता त्यांची नवी मागणी: या गेममध्ये आपल्याकडचे रस्ते मिळतात का, निदान बऱ्हाणपूर-इंदूर तरी. स्टीम वर्कशॉपवर (खेळाडूंनी बनवलेली भर जिथे मिळते) कोणी असा नकाशा ५६००जी वर चालवून पाहिला असेल तर सांगा, वेगळा धागा काढतो.