पहिली बाईक घेतोय, पण आरसी वारलेल्या मालकाच्या नावावर आहे. मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. मी चाकण एमआयडीसीत कामाला, राहायला भोसरीत. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री घरी यायचे फार हाल होतात, म्हणून गाडी घ्यायची आहे. बजेट साठ हजार. दीड वर्ष साठवलेले पैसे आहेत, कर्ज काढायचं नाही.

आधी एका डीलरकडे होंडा शाइन पाहिली. २०२० ची, मीटरवर १९ हजार किलोमीटर. हात लावून पाहिलं तर इंजिन गरम, म्हणजे मी पोचायच्या आधीच चालू करून ठेवलेली. फुटरेस्टच्या रबरावरची नक्षी पार गुळगुळीत. १९ हजारांत एवढं झिजत नाही असं माझ्या मेकॅनिकचं मत. सर्व्हिसिंगची बिलं मागितली तर विषयच बदलला. ती सोडून दिली.

दुसरी आमच्याच गल्लीत मिळाली. शाइनच, २०२१ ची, २६ हजार चाललेली. गाडीचे मालक, शेजारचे काका वारले, त्याला सात महिने झाले. तेव्हापासून गाडी जिन्याखाली झाकून उभी. काकूंनी पदराने सीट पुसली आणि किल्ली माझ्या हातात दिली. बॅटरी पूर्ण उतरलेली होती. मेकॅनिकने दुसरी जोडली तेव्हा चालू झाली, धूर नाही, इंजिनचा आवाज एकसारखा. बॅटरी, ऑइल आणि पुढचा टायर बदलावा लागेल, टाकीतलं जुनं पेट्रोल काढावं लागेल. ई-चलान एकही थकलेलं नाही. काकू ५५ हजार म्हणतायत.

अडचण कागदांची आहे. एका एजंटला विचारलं तर म्हणाला, "फॉर्म २९-३० वर (गाडी विकताना नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) मालकाची सही मी मारतो, तारीख मागची टाकू, आठ दिवसांत गाडी तुमच्या नावावर." गेलेल्या माणसाची खोटी सही मला अजिबात नको. उद्या काही निघालं तर माझ्याबरोबर काकूही अडकतील.

मला कळलंय ते असं: आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या, म्हणजे काकूंच्या नावावर करायची, मग २९ आणि ३० वर त्यांच्या सहीने माझ्या नावावर. ३१ ची तीन महिन्यांची मुदत उलटून गेली आहे. शिवाय आरसीवर अजून बँकेचा बोजा दिसतो. हप्ते काकांनी फेडले होते, पण फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म) आणि बँकेची एनओसी घरात सापडत नाही.

काकूंची मुलगी, म्हणजे दुसरी वारस, नाशिकला असते. तिचं संमतीपत्र नोटरी करून पाठवलं तर चालतं, की आरटीओत स्वतः यावं लागतं? दोन्ही ट्रान्सफरचे अर्ज एकदमच देता येतात का? उशिराचा दंड मी भरायला तयार आहे. विमाही काकांच्याच नावावर आहे, त्यामुळे सगळं होईपर्यंत गाडी चालवायची नाही असं मी ठरवलंय. बरोबर ना?

आणि एक. काकूंना पैशांची गरज दिसते. दहा हजार टोकन आत्ताच द्यावं असं मनात आहे. त्याचा कागद कसा करावा? त्यांच्याशी भावासाठी घासाघीस करायला जीव होत नाही, पण टायर-बॅटरीचा खर्च धरून किती म्हणणं रास्त होईल?

एमएच-१४ ला (पिंपरी-चिंचवड आरटीओत) वारसाचं ट्रान्सफर कोणी केलं असेल तर कृपया सांगा. रविवारी काकूंकडे जाणार आहे, त्याआधी कळलं तर कोणते कागद शोधून ठेवायचे ते त्यांना सांगता येईल.