स्विच देऊन पीएस५ घ्यायचाय, समोरचा माणूस ऑनलाइन भेटलेला, नक्की काय काय तपासू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे, कारण समोरचा उत्तरासाठी मागे लागलाय.

माझ्याकडे निन्टेन्डो स्विच हा गेम कन्सोल आहे, ओलेड मॉडेल, डॉक (टीव्हीला जोडायचा स्टँड), चार्जर, दोन्ही जॉय-कॉन (कंट्रोलर), बॉक्स सगळं जपून ठेवलेलं. आता पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हवाय, नवा घ्यायचं बजेट नाही, म्हणून जुन्या वस्तूंच्या एका ग्रुपवर टाकलं की स्विच आणि वर थोडे पैसे देते, कोणी डिस्कवाला पीएस५ देतंय का. एकाचा मेसेज आला, फोटो पाठवले, बोलायला बरा वाटतोय, पण ओळख म्हणाल तर शून्य.

माझा घोळ असा की विकणाऱ्याने पैसे आल्याशिवाय वस्तू सोडू नये आणि घेणाऱ्याने वस्तू बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत हे सगळीकडे सांगतात, पण अदलाबदलीत मी एकाच वेळी दोन्ही आहे आणि तोही दोन्ही आहे, मग आधी वस्तू कोणी सोडायची? त्याचं म्हणणं, दोघं एकाच दिवशी कुरियर करू आणि ट्रॅकिंग नंबर एकमेकांना पाठवू. पण ट्रॅकिंग नंबरवरून खोकं निघालं एवढंच कळतं ना, आत काय आहे ते कुठे कळतं? मी भेटूच म्हणतेय, तो म्हणतो बघू.

शिवाय तो सोबत त्याचं अकाउंटपण देतोय, त्यात भरपूर डिजिटल गेम आहेत म्हणे, म्हणून वरचे पैसे वाढवून मागतोय. हे घ्यावं का?

आणि सगळ्यात जास्त भीती बॅनची. मशीन चालू होतं, व्हिडिओत छान दिसतं आणि घरी आणून ऑनलाइन गेलं की कळतं की कन्सोलच बॅन आहे, म्हणजे कंपनीने त्याला ऑनलाइन सेवेतून बंद केलंय. भेटीत हे कसं तपासतात, आणि बाहेर कुठे भेटलो तर टीव्ही कुठून आणायचा?

अजून एक. स्विच देण्याआधी माझे सेव्ह, म्हणजे गेममधली साठवलेली प्रगती वाचवायचीय, त्यात ॲनिमल क्रॉसिंग या गेममधलं माझं बेट आहे, ते गेलं तर मला खरंच खूप वाईट वाटेल.

प्रतिसाद: कुरियर अजिबात नको. त्याने खोक्यात वीट भरून पाठवली तरी ट्रॅकिंग व्यवस्थितच दिसणार. वर तुमच्या घरचा पत्ताही त्याला मिळणार तो वेगळाच. भेटायला तयार नसेल तर सोडून द्या, दुसरा मिळेल.

प्रतिसाद: मी रिपेअरिंगचं काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टीव्ही नको, कोणाकडून तरी एचडीएमआयवाला छोटा मॉनिटर मागून घ्या. जिथे प्लग पॉइंट आहे, माणसांची आणि कॅमेऱ्यांची वर्दळ आहे अशी जागा बघा आणि तिथे आधीच विचारून ठेवा. सगळ्यात आधी मोबाइलच्या टॉर्चने एचडीएमआय पोर्टच्या आत बघा, पिना वाकलेल्या असतील तर थांबा. केबल लावून हळूच हलवा, चित्र जातंय-येतंय असं झालं तर पोर्ट ढिला आहे. पडलेल्या किंवा केबलला हिसका बसलेल्या मशीनमध्ये हे हमखास सापडतं.

मग डिस्क. स्वतःची एक डिस्क घेऊन जा, पीएस४ ची चालेल, पीएस५ त्या वाचतो. ओळखून कॉपी व्हायला लागली की बाहेर काढा, परत घाला. हे का सांगतोय तर २०२० च्या मूळ मॉडेलमध्ये ड्राइव्हचा बोर्ड त्या मशीनच्या मदरबोर्डशी जोडी लावलेला असतो, कोणी दुसऱ्या मशीनचा बोर्ड घातला असेल तर डिस्क आत जाईल पण गेम चालणार नाही. २०२३ च्या बारीक मॉडेलमध्ये ड्राइव्ह सुटा निघतो, पण त्यालाही जोडी लावायला एकदा इंटरनेट लागतं.

कंट्रोलरसाठी वेगळं काही नको. पीएस५ मध्ये ॲस्ट्रोज प्लेरूम आधीपासून असतो, त्याने मुद्दाम काढला नसेल तर तोच लावा. ट्रिगरचा ताण, टचपॅड, थरथर, कंट्रोलर वाकडा केल्यावरची हालचाल सगळं त्यात वापरावं लागतं. आणि बोट काढून बघत बसा, स्टिकला हात न लावता पात्र किंवा कॅमेरा सरकला तर ड्रिफ्ट आहे. अर्धा तास तरी खेळा, घाई करू देऊ नका. चिप आणि हीटसिंकच्या मध्ये पीएस५ मध्ये लिक्विड मेटल असतं, कोणी निष्काळजीपणे उघडून ते सांडवलं असेल तर बोर्ड शॉर्ट होऊ शकतो, म्हणून आधी उघडलाय का हे सरळ विचारा. गेम चालू असताना मशीन आपोआप बंद पडलं तर तिथूनच नमस्कार.

बॅनसाठी घरूनच स्वतःचं पीएसएन (प्लेस्टेशनची ऑनलाइन सेवा) अकाउंट उघडून जा, मोबाइलचं हॉटस्पॉट लावा आणि त्या मशीनवर तुमच्या अकाउंटने साइन इन करून स्टोअर उघडा. त्याच्या अकाउंटने दाखवलेलं ऑनलाइन धरू नका आणि व्हिडिओवर तर अजिबात नाही. तुमच्या स्विचचंही त्याला तसंच दाखवा, ईशॉप (निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान) उघडून. बॅन असलेल्या स्विचवर २१२४-४००७ हा एरर येतो. पीएस५ च्या मागचा सीरियल नंबर, सेटिंगमधला नंबर आणि बॉक्सवरचा नंबर तिन्ही एकच हवेत, बिल असेल तर उत्तम.

अकाउंटची किंमत शून्य धरा. अकाउंट असं दुसऱ्याला देणं सोनीच्या नियमात बसत नाही, आणि मूळ मालक उद्या सपोर्टकडे जुन्या खरेदीचे तपशील देऊन ते परत मागू शकतो. तेव्हा पैसे मशीनचे आणि डिस्कचेच.

आधी कोणी सोडायचं म्हणाल तर टेबलावर दोन्ही मशीन चालू ठेवायची, दोघांनी तपासायची, मग एकदमच इकडची तिकडे. वरचे पैसे सगळ्यात शेवटी, तिथेच. टोकन म्हणून आधी काही पाठवू नका.

प्रतिसाद: वरचं सगळं पटलं, एकच भर. ताई, एकट्या जाऊ नका. दिवसाढवळ्या भेटा आणि सोबत कोणीतरी असू द्या, एकाचं लक्ष मशीनवर, एकाचं सामानावर. आणि भेटीआधी व्हिडिओ कॉलवर मशीन सुरू करून सेटिंगमधला सीरियल नंबर दाखवायला सांगा, फोटो कोणाचेही उचलता येतात. वस्तू खरंच जवळ असेल तर एवढं दाखवायला कोणी कुरकुर करत नाही.

प्रतिसाद: बेटाबद्दल लिहिते कारण यात खूप जणांचं नुकसान झालंय. निन्टेन्डोच्या ऑनलाइन मेंबरशिपमध्ये बहुतेक गेमचे सेव्ह क्लाउडवर जातात, पण ॲनिमल क्रॉसिंगचं बेट त्या नेहमीच्या क्लाउडवर जात नाही. त्यासाठी ईशॉपवर आयलंड ट्रान्सफर टूल म्हणून फुकट ॲप आहे, आणि हलवताना जुना स्विच आणि नवा स्विच दोन्ही समोर लागतात. शिवाय एका स्विचवर एकच बेट. म्हणजे स्विच हातातून गेल्यावर जाग येऊन उपयोग नाही. घरात किंवा मैत्रिणीकडे असा स्विच आहे का बघा ज्यावर या गेमचं बेट नाही, आधी तिथे हलवा. ते झाल्याची खात्री झाली की मगच रिसेट.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. बेटाचं वाचून धस्स झालं, मी सगळं क्लाउडवर आहे असंच धरून चालले होते. भाचीकडे स्विच आहे आणि तिने हा गेम कधी खेळलेला नाही, तर आधी बेट तिकडे हलवते. त्याला स्पष्ट सांगितलं की अकाउंट नको, कुरियर नको. तो भेटायला तयार झालाय आणि व्हिडिओ कॉलवर नंबरही दाखवला, बॉक्सवरचा जुळतोय. फक्त तो म्हणतोय की मशीन घरूनच रिसेट करून आणतो. यात काही गडबड असू शकते का? की भेटीत माझ्यासमोरच करायला सांगू?

प्रतिसाद: गडबड नाही, उलट बरंच आहे, त्याचं अकाउंट निघालेलं असेल आणि सेटअप तुम्ही तुमच्याच अकाउंटने कराल, म्हणजे बॅनची तपासणी आपोआप होईल. फक्त त्याला सांगा की आधी सिस्टीम अपडेट कर आणि मग रिसेट. रिसेट केल्याने अपडेट परत जुनं होत नाही. नाहीतर तिथे हॉटस्पॉटवर ते अपडेट उतरत बसेल, तुमचा अर्धा वेळ त्यातच जाईल आणि तो घाई करायला लागेल. तुमच्या स्विचचंही तसंच करा, आणि निघण्याआधी कार्डाच्या खाचेत गेम राहिला नाही ना ते बघा.