मदत हवी आहे: डेव्ह ब्रॅट यांच्या २०१४च्या भूमिका लेकीला कशा समजावू?

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात रिचमंडजवळ शॉर्ट पंपला राहतो. लेक बारावीला आहे. काँग्रेसच्या (म्हणजे इथल्या संसदेच्या) एका उमेदवाराची राष्ट्रीय प्रश्नांवरची भूमिका वर्गात मांडायची आहे आणि तिच्या वाट्याला आलेत डेव्ह ब्रॅट. तेव्हा आमचा भाग व्हर्जिनियाच्या सातव्या मतदारसंघात होता. मी मात्र तेव्हा पुण्यात, त्यामुळे सगळं ऐकीव.

एवढं जमवलंय: रँडॉल्फ-मेकन कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १० जून २०१४च्या रिपब्लिकन प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) त्यांनी एरिक कँटरना, म्हणजे हाउसमधल्या (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहातल्या) बहुमताच्या नेत्यालाच, पाडलं. कँटरांचा खर्च ५० लाख डॉलरच्या वर, यांचा जेमतेम २ लाख. म्हणणं असं: कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यांना माफी नको, सरकारची कर्जमर्यादा वाढवू नका, ओबामाकेअर (ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा) रद्द करा, लोकांच्या फोनची सरसकट नोंद ठेवणं थांबवा. आणि स्वतः काँग्रेसमध्ये १२ वर्षांपेक्षा जास्त राहणार नाही.

अडलंय ते इथे. लेक म्हणते, "बाबा, हा माणूस मुक्त बाजारपेठवाला ना? मग मजुरालाच का अडवतो?" मला उत्तर देता येईना. शिवाय व्हिसावर आलेल्या आपल्यासारख्यांनाही त्यांचा विरोध होता का? आणि भूमिका प्रचारातली धरायची की निवडून आल्यावरच्या मतदानातली?

रविवारपर्यंत हवंय. आगाऊ धन्यवाद.

खवचट_काका: किमान वेतनाचा मुद्दा घेऊ नका, पंचाईत होईल. जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तोच प्रश्न आला आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांकडे तयार उत्तर नव्हतं!

हेन्रायकोकर: मी तेव्हा इथेच होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

लेकीचा प्रश्न बरोबर आहे, पण ब्रॅटना त्यात विसंगती वाटत नव्हती. त्यांच्या लेखी मुक्त बाजार म्हणजे सरकारनं कुणाची पाठराखण न करणं. वॉल स्ट्रीटच्या बँकांना सरकारी पैशानं वाचवलं, तीही पाठराखणच. चेंबर ऑफ कॉमर्स (उद्योगांची संघटना) स्थलांतर सोपं करणारा कायदा मागतं, कारण बड्या कंपन्यांना स्वस्त मजूर हवेत आणि भुर्दंड इथल्या कामगाराच्या पगारावर, असा त्यांचा युक्तिवाद. कायदा मोडणाऱ्याला बक्षीस नको, हा दुसरा धागा. (मजूर येतो तसा तो खर्चही करतो, त्यातून कामं निर्माण होतात, हे प्राध्यापकांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवलं, असं माझं मत. लेकीनं हे जरूर म्हणावं.)

गंमत म्हणजे कँटरही माफीच्या विरोधातलीच पत्रकं वाटत होते! पण लहानपणी आईबापांबरोबर आलेल्या मुलांबद्दल ते जरा मवाळ बोलले होते, ब्रॅटनी तेवढंच धरून ठेवलं.

व्हिसाचं म्हणाल तर मुख्य रोख माफीवरच होता. पण 'स्वस्त मजूर' म्हणताना तो शब्द कुठवर ताणायचा हे ऐकणारा ठरवतो. आमच्या क्रिकेटच्या ग्रुपात त्यावरून बरीच वादावादी झाली होती.

प्रचार की मतदान? दोन्ही शेजारी मांडा, खरी मजा तिथेच आहे. जानेवारी २०१५मध्ये त्यांनी स्वतःच्याच पक्षाच्या बेनरना सभापतिपदासाठी मत दिलं नाही, पुढे फ्रीडम कॉकसमध्ये (पक्षातल्या कडव्या उजव्यांच्या गटात) गेले. इथवर बोलले तसे वागले. पण कर्जाच्या नावानं खडे फोडणाऱ्या याच माणसानं डिसेंबर २०१७मध्ये करकपातीच्या बाजूनं मत दिलं, आणि त्यातून दहा वर्षांत सुमारे १.५ लाख कोटी डॉलरची तूट वाढेल असा काँग्रेसच्याच करसमितीचा अंदाज होता. करकपातीनं अर्थव्यवस्था वाढते आणि खड्डा भरतो, हे त्या बाजूचं उत्तर. तेही लिहा, नाहीतर एकतर्फी होईल.

१२ वर्षांच्या वचनाची परीक्षाच झाली नाही. २०१८मध्ये ॲबिगेल स्पॅनबर्गर यांनी थोडक्या मतांनी हरवलं.

धागाकर्ता: काका, हेन्रायकोकर, मनापासून आभार. लेकीनं कर्जमर्यादा आणि करकपात शेजारी ठेवायचं पक्कं केलंय. आता एकच. ती तालीम व्हिडिओ कॉलवर आजीसमोर करते आणि आजी 'क्रोनी कॅपिटॅलिझम'पाशी (सरकारनं बड्या कंपन्यांची पाठराखण करणं, त्यापाशी) दर वेळी थांबवते. सोपा मराठी शब्द?

खवचट_काका: साटंलोटं.