सारख्या उच्चाराचे इंग्रजी शब्द: पुस्तक सुचवा (बजेट ४००)

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट: फौंड्रीच्या ऑफिसात डिस्पॅचचं बघतो. शिक्षण मराठी मीडियम, एसएसएलसी. पार्टीला मेल करताना ब्रेक ड्रममधला ब्रेक बी-आर-ए-के-ई की बी-आर-ई-ए-के, इथं हात थांबतो. स्टेशनरी, अफेक्ट-इफेक्ट, प्रिन्सिपल तसंच. कॉम्प्युटर लाल रेघ मारत नाही, कारण दोन्ही स्पेलिंगं खरीच. एकच पुस्तक सांगा, ४०० च्या आत. क्लास नको, दुपारी ड्युटी असते.

खानापूरकर: क्लासच लाव भावा. मी टिळकवाडीत ९,००० भरून केला. सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय.

अनगोळचा_पक्या: तो ४०० म्हणतोय, तू ९,००० सांगायलास! मीपण भरलेत एका क्लासला. 'हाउ आर यू'च्या पुढं गाडी गेली नाही, अर्धी फी बुडाली. इंग्रजी-मराठी डिक्शनरी घे, विषय संपला.

निपाणीचे_मास्तर: इंग्रजी-मराठी नको. त्यात अफेक्ट म्हणजे 'परिणाम करणे' आणि इफेक्ट म्हणजे 'परिणाम' एवढंच मिळतं, वापर कळत नाही. शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी-इंग्रजी घ्या, त्यात शब्दाखाली वाक्य असतं. पावसानं डिस्पॅचला अफेक्ट केलं, पावसाचा इफेक्ट दिसला. पहिलं क्रियापद, दुसरं नाम. इफेक्ट क्वचित क्रियापदही होतं, 'घडवून आणणे' या अर्थानं, खरं तुमच्या मेलात त्याचं काम पडणार नाही.
स्टेशनरीचं मूळ एकच, लॅटिन. पूर्वी इंग्लंडात फिरते विक्रेते असत. जो एका जागी दुकान मांडून पुस्तकं विकायचा तो स्टेशनर. त्याचा माल ती ई-वाली स्टेशनरी. जागेवर उभी राहिलेली लॉरी ती ए-वाली.

वडगाव_माग: तुमच्यात डाय लोखंडाची, आमच्यात सुताच्या रंगाचा. आय-ई तुमचा, वाय-ई आमचा. पुढं आयएनजी लावताना आमचा ई गाळायचा नाही. गाळला की सूत रंगायच्या ऐवजी मरतं. आमच्या गल्लीत एका बोर्डावर सूत अजून मरायलंय, धंदा मात्र जोरात.

अनगोळचा_पक्या: कास्टचं पण लिहून घे. आयर्न असेल तर ई नाही. तहसीलदार ऑफिसात सर्टिफिकेट काढायचं असेल तर ई लागतो 😄

बे_एरिया_बेळगावकर: प्रॅक्टिसला कायम सी लिहा. इकडं नाम असो की क्रियापद, सगळीकडं सीच.

निपाणीचे_मास्तर: ते अमेरिकेत. ब्रिटिश पद्धतीत नामाला सी, क्रियापदाला एस. अॅडव्हाइसचं तसंच, फक्त तिथं उच्चारही बदलतो, स आणि झ. आपल्याकडं ब्रिटिश चालतं.

बे_एरिया_बेळगावकर: सर, पार्टी कुठली आहे त्यावर ठरतं ना?

अनगोळचा_पक्या: पार्टी चाकणची असणार.

सीमावासी: आधी बेळगावचं स्पेलिंग ठरवा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर…

मॉडरेटर: तो विषय इथं नको. त्याचे धागे भरपूर आहेत.

शहापूरची_मावशी: बाळा, तुला अख्खी डिक्शनरी लागत नाही, तुझ्या कामातले पंधरावीस शब्द लागतात. पाठवलेल्या मेलांतून ते शोध. वहीत नुसता शब्द लिहू नको, त्याच मेलातलं पूर्ण वाक्य दुरुस्त करून लिही. पाठवायच्या आधी सर्चमध्ये टाकून तेवढेच तपास. मी दुकानाची बिलं अशीच करते.

खानापूरकर: आमच्या सरांनी सांगितलेलं: कुंदा, आपली बेळगावची मिठाई, माणूस दुसऱ्यांदा मागतोच, म्हणून खायच्या डेझर्टला दोन एस, वाळवंटाला एक. असलं पुस्तकात मिळतंय व्हय?

नवीन_मेंबर: वरचं सगळं वाचलं नाही. डिक्शनरी घ्या.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट: सगळ्यांचे आभार. गणपत गल्लीत जाऊन आलो. मास्तरांनी सांगितलेली डिक्शनरी बजेटबाहेर. शाळेच्या पोरांचा असल्या शब्दांचा चित्रांचा चार्ट ६० रुपयांत मिळाला, तो टेबलासमोरच्या भिंतीला लावला. ब्रेक आहे त्यात. डाय नव्हता, पेननं लिहिला.

अनगोळचा_पक्या: ६० रुपयांसाठी आमचा एवढा वेळ खाल्लास की रे!

निपाणीचे_मास्तर: चार्टवर स्पेलिंगं बरोबर छापलीत का, तेवढं बघून घ्या.

खानापूरकर: सोमवारी नवीन बॅच आहे. सकाळची.